पाट्याखालची चावी

जामनेर,
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

चि. बाईस,


तुझी वही पोचली. परवा जळगावहून येताना तुझ्या आईने मेथीच्या जुड्यांखाली पिशवीत जपून आणली. पहिल्या रात्री एका बैठकीत वाचून काढली, दुसऱ्या रात्री पेन्सिल घेऊन बसलो. फोनवर तू एकच विचारत होतीस, ‘मामा, पहिल्यासारखं जमलंय का?’ मी ‘पत्र लिहितो’ म्हणालो. फोनवर असल्या गोष्टी अर्धवट बोलल्या जातात, आणि या वहीबद्दल मला अर्धवट बोलायचं नव्हतं.

आधी तुझ्या एकांकिकेबद्दल बोलतो, कारण सगळं तिथूनच निघतं. जळगावला प्रयोग होता तेव्हा मी मुद्दाम कडेच्या खुर्चीवर बसलो होतो. तिथून स्टेजही दिसतं आणि लोकांची तोंडंही. सव्वीस वर्षं आपल्या गावच्या टॉकीजच्या केबिनमधून मी पडदा जितका पाहिला त्याहून जास्त खालची डोकी पाहिली. सिनेमा पकड घेतो तेव्हा डोकी दगडासारखी स्थिर होतात. सैल पडला की कोणी मागे वळतं, कोणी चपला शोधतं, बाया पोरांना घेऊन बाहेर निघतात. तुझ्या एकांकिकेला चाळीस मिनिटं एक डोकं हललं नाही.

सावकाराचा वसुलीवाला मळ्यातल्या विहिरीत पडतो, हे लोकांनी पहिल्या पाच मिनिटांत पाहिलं. सासू आणि सून ‘तो आलाच नाही’ म्हणून बसल्या, तेही पाहिलं. हवालदार आला, ओट्यावर टेकला, चहा प्यायला, गेला. म्हातारी आपली पाट्यावर वाटण वाटते आहे. एकदा, दोनदा, तीनदा. शेवटी वाटण काढून ती पाटा धुवायला उभा करते आणि खाली वसुलीवाल्याच्या मोटारसायकलची चावी. माझ्या शेजारच्या बाईंनी तोंडावर हात ठेवला आणि ‘अगं माय’ म्हणाल्या. चावी पहिल्यापासून तिथेच होती. हवालदार तिच्यापासून हातभर अंतरावर बसला होता आणि आम्ही सगळे तिच्याकडेच बघत होतो.

आता वहीतला दुसरा भाग. दोन अंक. पुण्याहून एक हुशार अधिकारी येतो. सुनेचा लग्नाआधीचा ओळखीचा माणूस निघतो. आणखी एक खून होतो. शेवटच्या वीस पानांत एकामागून एक तीन उलगडे. तुझा हात चांगला आहे, म्हणून प्रत्येक प्रसंग आपापल्या जागी उभा राहतो. पण बाई, वाचताना मला सारखं वाटत होतं, की तू या माणसांची गोष्ट पुढे नेत नाहीयेस, पहिल्या प्रयोगाच्या टाळ्यांशी शर्यत लावतेयस.

तुला आठवतं, २०२२च्या नोव्हेंबरात आपण दोघांनी जळगावला ‘दृश्यम २’ पाहिला. मध्यंतराआधी तू माझा हात घट्ट धरला होतास आणि शेवटी सगळं थिएटर टाळ्या वाजवत असताना माझ्या कानात म्हणालीस, ‘मामा, हे आत्ता सांगताहेत.’ ते वाक्य मी विसरलेलो नाही. आज त्यावरच लिहायचं आहे.

पहिला हिंदी ‘दृश्यम’ मी तुझ्या आईबरोबर पाहिला, २०१५ साली. मूळ मल्याळम चित्रपट जीतू जोसेफ यांचा, २०१३च्या डिसेंबरातला. हिंदीत तो निशिकांत कामतने केला, पटकथा हिंदीत बसवली उपेंद्र सिधयेने, कॅमेरा ‘किल्ला’वाल्या अविनाश अरुणचा. गोष्ट गोव्यातली, हात मराठी. कामतने दहा वर्षं आधी ‘डोंबिवली फास्ट’ केला होता. त्यातला माधव आपटे हा लोकलने बँकेत जाणारा सरळ माणूस एके दिवशी फुटतो आणि बॅट घेऊन रस्त्यावर येतो. ‘दृश्यम’मधला विजय साळगावकर फुटत नाही. चौथी नापास, केबलचा धंदा, रात्र रात्र ऑफिसात सिनेमे बघणारा. तो सगळं पोटात ठेवतो आणि सकाळी नेहमीसारखा चहा प्यायला जातो. साध्या माणसाला कोपऱ्यात ढकललं की काय होतं, याची ही दोन उत्तरं एकाच दिग्दर्शकाकडून आली. मी केबिनमध्ये आयुष्य काढलेला माणूस, विजय मला धंदाबंधू वाटला.

त्या चित्रपटाचा पहिला अर्धा तास आठव. लोक म्हणतात संथ आहे. विजय घरी काटकसर करतो, बायको कुरकुर करते, तो हॉटेलात गप्पा मारतो, गायतोंडे नावाच्या पोलिसाशी त्याचं वाकडं आहे, गावात नवं पोलीस ठाणं बांधून होतंय. बस्स. पण त्यातली एकही गोष्ट फुकट गेलेली नाही. सिनेमे बघण्याचं वेड पुढे त्याची शाळा ठरतं. गायतोंडेचं वाकडं पुढे घरावर येतं. आणि ते अर्धवट ठाणं आपण जाता-येता पाहतो आणि विसरतो. मग विजयच्या मोठ्या मुलीच्या हातून नको ते घडतं, एक मुलगा मरतो, आईसमोर, परसदारी. धाकटी खिडकीतून पाहते. तिथून पुढे आपण घराच्या आत आहोत. विजयला जे माहीत ते आपल्याला माहीत, एक गोष्ट सोडून. विजय पोलिसांना सांगतो तो पणजीचा सत्संग, हॉटेल, सिनेमा, बसचा प्रवास, सगळं खरं आहे, फक्त तारीख दुसरी आहे. लोकांच्या डोक्यात चित्र पक्कं बसवायचं, तारीख आपोआप चिकटते, हे तो सिनेमे पाहून शिकलाय. आणि शेवटी आपल्याला कळतं की देह ठाण्याच्याच फरशीखाली आहे. आपण फसलो याचा राग येत नाही, कारण ठाणं आपल्या डोळ्यांसमोर बांधलं गेलं होतं. तुझा पाटा हे त्याच घराण्यातलं काम आहे, आणि तू तो चित्रपट पाहून ते केलेलं नाहीस, म्हणून मला जास्त आनंद झाला.

आता दुसरा भाग. तो अभिषेक पाठकने केला. निशिकांत १७ ऑगस्ट २०२० रोजी हैदराबादला गेला, अवघ्या पन्नाशीत. पण फरक केवळ दिग्दर्शक बदलल्याचा आहे असं मी म्हणणार नाही. मल्याळम दुसरा भाग जीतू जोसेफ यांनीच लिहिला आणि केला, २०२१च्या फेब्रुवारीत तो थेट घरी, प्राइमवर आला. मी तो फोनवर खालची अक्षरं वाचत पाहिला. शेवट तिथेही तसाच आहे.

त्या दुसऱ्या भागाचा पहिला तास मी आजही कोणत्याही चित्रपटाच्या शेजारी ठेवीन. सात वर्षं झालीत. विजय आता थिएटरचा मालक आहे, स्वतः सिनेमा काढायच्या गोष्टी करतो आणि दारू पितो. मोठ्या मुलीला झटके येतात. पोलिसांची गाडी दिसली की घरातल्या बायकांचे हात थांबतात. गाव कुजबुजतं. बायकोला मन मोकळं करायला शेजारीण मिळते आणि तीच नेमकी पोलिसांनी पेरलेली. इथे खून नाही, पाठलाग नाही. पहिल्या भागात जे घर वाचलं म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकला, ते घर वाचलेलं नाही, एवढंच हा तास सांगतो. तू माझा हात धरलास तो इथे.

मग शेवटचा अर्धा तास. ठाण्यातून सांगाडा निघतो, डीएनए जुळत नाही, आणि मुराद अली नावाचा लेखक पोलिसांसमोर बसून विजयने त्याला सांगितलेली कथा ऐकवतो. कबरी खणणाऱ्याशी मैत्री, लॅबच्या रखवालदाराशी मैत्री, वर्षानुवर्षांची तयारी. सौरभ शुक्ला सांगतो छान. लोकांनी टाळ्या वाजवल्या, धंदा पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त झाला, दोनशे कोटींच्या वर गेला. पण लेखकाकडच्या चकरा सोडल्या तर त्यातलं बहुतेक आपण आधी पाहिलेलं नव्हतं. सात वर्षं विजय काय करत होता, हे आपल्यापासूनही लपवून ठेवलं. पहिल्या भागात आपण त्याच्या घरात होतो. दुसऱ्यात शेवटी आपल्याला पोलिसांच्या बाकावर नेऊन बसवलं. ‘हे आत्ता सांगताहेत’ असं तू म्हणालीस ते याचमुळे. वहीतले तुझे तीनही उलगडे तपासून बघ. प्रत्येक वेळी तो पुण्याचा अधिकारी उभा राहून सांगतो आणि बाकीचे ऐकतात. पान ५२वर तर सून स्वतःच्याच गोष्टीत प्रेक्षक झालीय.

केबिनमधली एक गोष्ट तुला सांगतो. तुमच्या पिढीने रीळ पाहिलेलं नाही. पेट्या भुसावळहून यायच्या, एसटीच्या टपावरून. एक मोठं रीळ वीसेक मिनिटं चालायचं. मशीन दोन असायची, एकावर चालू रीळ, दुसऱ्यावर पुढचं लावून ठेवलेलं. रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक बारीक ठिपका यायचा. दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, की झडप बदलायची. खाली बसलेल्याला काही कळता कामा नये. पहिल्या रिळात माणसाने दार उघडायला हात पुढे केलेला असतो, दुसऱ्या रिळात तेच दार उघडतं. नवीन पोऱ्या घाई करायचा, दुसऱ्या मशीनच्या प्रकाशाकडे बघत बसायचा. मी त्याला सांगायचो, अरे, डोळा चालू रिळावर ठेव, ठिपका तिथे येणार आहे.

१९९६ साली आमच्याकडे ‘रिटर्न ऑफ ज्वेल थीफ’ लागला. विजय आनंदचा १९६७चा ‘ज्वेल थीफ’ मी त्याआधी मॅटिनीला कितीदा चालवला होता, त्यातला अशोक कुमार पहिल्यापासून समोर बसलेला असतो आणि तरी आपल्याला शंका येत नाही. नव्यात देव आनंद होते, अशोक कुमार होते, वर धर्मेंद्र. नावं सगळी जमवली होती. पहिल्या शोला बाल्कनी भरली आणि मध्यंतरानंतर अर्धी रिकामी. जुन्या चित्रपटातलं काहीच या चित्रपटात शिल्लक नव्हतं, नुसती माणसं परत आली होती. पुढच्या आठवड्यात मालकांनी जुनाच लावला आणि तो चालला.

बाबूराव अर्नाळकरांच्या कादंबऱ्या तुझ्या आजोबांनी ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या. अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, त्यांचा नायक झुंजार दर वेळी नव्याने यायचा, मागच्या पुस्तकातला मेलेला माणूस पुढच्या पुस्तकात कोणाला आठवायचा नाही, आणि त्यात काही बिघडत नव्हतं. ती मालिका होती. तू मालिका लिहीत नाहीयेस. तुझ्या विहिरीत एक माणूस आहे आणि म्हातारीने तो लोकांसमोर लपवलाय. त्याची उधारी राहिली आहे. दुसरा भाग लिहायचा तर ती उधारी कोणाची आहे, एवढं आधी शोध.

‘दृश्यम २’मध्ये मला सगळ्यात मोठं काय वाटलं, सांगू? डीएनए नाही, लेखकही नाही. विजय त्या मुलाच्या अस्थी त्याच्या आईबापांपर्यंत पोचवतो, ते. पहिल्या भागात तब्बूने केलेली मीरा एकाच वेळी पोलीस अधिकारी आणि आई होती, आणि शेवटी नवऱ्याबरोबर विजयकडे आली ती फक्त आई म्हणून, आमच्या मुलाचं काय झालं एवढंच विचारायला. त्याने आडून सांगितलं, देह मात्र दिला नाही. सात वर्षांनी तो मूठभर राख देतो. मुलगा वाईट वागला होता, तरी त्याचीही आई आहे. पहिल्या रिळात जो हात पुढे झाला होता, ते दार इथे उघडलं. बाकी सगळ्या कारागिरीपेक्षा एवढी एक गोष्ट लेखकाने ओळखली, याबद्दल माझा त्याला नमस्कार आहे.

आता तुझ्या गोष्टीत अस्थी कोणाला मिळाल्या नाहीत? वहीची सगळी पानं मी उलटून पाहिली. वसुलीवाल्याची बायको कुठेच नाही. एकांकिकेत म्हातारी एकदा म्हणते, ‘त्याले बी घर असन’. ते तुझंच वाक्य, आणि ते तू तिथेच सोडून दिलंस.

तिच्याकडे जरा बघ. नवरा कामावर म्हणून गेला तो परत आला नाही. पोलिसांत ‘हरवला’ अशी नोंद आहे. मेला म्हणावं तर देह नाही, जिवंत म्हणावं तर पत्ता नाही. विम्याचे पैसे मिळत नाहीत, खातं उघडता येत नाही, वारसाची नोंद होत नाही. आपल्या पुरावा कायद्यात कलम १०८ होतं, नव्या साक्ष्य अधिनियमातही तो नियम कायम आहे: ज्यांना एखाद्याची खबर एरवी कळली असती त्यांना सात वर्षं ती कळली नाही, तर तो जिवंत आहे हे तसं म्हणणाऱ्याने सिद्ध करायचं. म्हणजे सात वर्षांनी ही बाई कोर्टात जाऊ शकते. तोवर ती दर वर्षी वडाला सूत गुंडाळते की नाही? गळ्यातलं काढते की नाही? हळदीकुंकवाला तिला कोणी बोलावतं का? एकदा तिच्यासारख्या बाईजवळ बसून ऐक. आपल्याकडे अशा आहेत, कोणाचा नवरा सुरतेला गेला तो गेलाच.

तर सात वर्षांनी तिला म्हातारीच्या ओट्यावर आण. संशय घेऊन आणू नकोस. वकिलाने तिला सांगितलंय की चार माणसांचे जबाब लागतील, म्हणून ती गावोगाव फिरतेय, जिथे जिथे नवरा वसुलीला जायचा तिथे. तिला म्हातारीकडून एकाच कागदावर अंगठा हवाय: ‘गेल्या सात वर्षांत मी त्याला पाहिलं नाही, त्याची खबर ऐकली नाही.’ बघ, हे वाक्य खरं आहे. हवालदारासमोर म्हातारी सहज खोटं बोलली होती. आता समोर खरा कागद आहे आणि तिचा अंगठा उठत नाही. सून दारात उभी राहून बघतेय, कारण तिला अंगठा हवाय. अंगठा दिला की माणूस कायद्याने मेला, विषय संपला. हा प्रसंग लिहिताना तुला कुठलाही पुण्याचा अधिकारी लागणार नाही. त्याला काढ. दुसरा खूनही काढ. कोणाला मारायची गरजच उरत नाही.

आणि पाटा. सात वर्षांत घरात मिक्सर आला असेल. सुनेने आणला असेल, हप्त्याने. तरी म्हातारी पाटा जागचा हलवू देत नाही, रोज थोडं काही तरी त्यावर वाटतेच. यावर कोणी एक शब्द बोलायचा नाही. पहिली एकांकिका पाहिलेला माणूस पडदा उघडताच त्या कोपऱ्याकडे बघेल, आणि न पाहिलेल्याला ही म्हातारीची सवय वाटेल. दोघंही बरोबर असतील. मग ती बाई बसते, म्हातारी वाटत असते, आणि आपल्याकडच्या बाया करतात तसं ती सहज म्हणते, ‘द्या माय, मी वाटते.’ पुढे काय होतं ते तू लिही. मला माहीत नाही, आणि मी सांगावं असं वाटतही नाही.

भाषेचं एक. एकांकिकेत म्हातारी आपल्या तावडी बोलीत बोलत होती, तिचा एकेक शब्द मातीतून उपटल्यासारखा यायचा. वहीत ती मालिकांमधल्या सासवांसारखी बोलायला लागलीय. मला वाटतं ते त्या अधिकाऱ्यामुळे झालं असावं, त्याला समजावं म्हणून सगळे स्वच्छ बोलू लागले. त्याच्याबरोबर ती भाषाही जाऊ दे. आणि सावकारीचा तपशील नीट बघून घे. २०१४च्या सावकारी कायद्यानंतर परवान्याशिवाय पैसे देणाऱ्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे जाते, कोऱ्या स्टॅम्पवर सह्या घेतल्या असतील तर तेही तिथे निघतं. सातबाऱ्याचं जे काही वहीत लिहिलंयस ते तलाठ्याला एकदा दाखव. तिथे चूक राहिली तर शेंदुर्णी-पहूरकडचा शेतकरी प्रेक्षक लगेच ओळखेल आणि मग पुढचं काही ऐकणार नाही.

तुझी मंडळी काय म्हणतात तेही मला माहीत आहे. बक्षीस मिळालेल्या गोष्टीला हात लावू नये, दुसरा भाग पहिल्याला खातो. पण ‘गॉडफादर’ १९७२चा, दुसरा भाग दोन वर्षांत आला आणि त्यालाही ऑस्करचं सर्वोत्तम चित्रपटाचं पारितोषिक मिळालं. तो दुसरा भाग मागे वळून बापाच्या तरुणपणात गेला होता, मुलगा काय गमावतो हे दाखवायला. म्हणजे जमतं. फक्त ते का जमलं याचा हिशेब टाळ्यांवरून लावू नकोस. ‘दृश्यम’चा तिसरा भागही आता जाहीर झालाय, तोही आपण बरोबर पाहू, पण तुझा दुसरा भाग त्याआधी झाला पाहिजे.

वही परत पाठवतो आहे. जिथे पेन्सिलने फक्त उभी रेघ आहे ते प्रसंग मला आवडले, काटलेलं काही नाही. पहिल्या अंकात सून मध्यरात्री विहिरीवरची मोटर बंद करायला जाते आणि आत वाकून बघत नाही, त्या पानावर मी दोन रेघा मारल्यात. ते पान कुठे तरी ठेव.

तालीम कधी सुरू करताय ते कळव. पाटा परसात नळाजवळ आहे, मागच्या प्रयोगानंतर तुझ्या मुलांनी नीट परत आणून दिला होता. त्याला टाके घालून घेतो, म्हणजे वाटताना आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाईल. पीजे रेल्वे बंदच आहे, एसटीनेच आणीन. वरवंटा तुझ्या आईकडे द्यायला सांगितलाय, तो वेगळा येईल.

तुझा,
मामा